एल साइजनं उपास करावा का?

शर्टांच्या त्या कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या बाया ढिगानं होत्या, पण माप एकच होतं. ते माप खिडकीजवळच्या मशीनवर बसायचं, दिवसभर कॉलरी शिवायचं आणि मधल्या सुट्टीत दोन डबे खायचं. एक स्वतःचा आणि एक ज्या कुणाला भूक नसेल तिचा. सगळा मजला तिला मापमावशी म्हणायचा.

या नावामागे खरोखरीचं काम होतं, बरं का! नवीन शर्ट निघायचा असला की कटिंगचे मास्तर टेबलापलीकडून हाक मारायचे, "माप, ये गं!" मग मावशी मशीन थांबवून उठायची, लाकडी खोक्यावर चढायची आणि दोन्ही हात पसरून उभी राहायची. मास्तर कच्चा शर्ट तिच्या अंगावर चढवायचे, दातांत टाचण्या धरून तिच्याभोवती फिरायचे, इथं सैल कर, तिथं रेघ मार, असं चालायचं. तिच्या अंगावर बसला की तो शर्ट एल. त्यातून दोन बोटं कमी केली की मीडियम, आणखी दोन कमी केली की स्मॉल, आणि वाढवली की एक्सएल. म्हणजे कारखान्यातून निघणारा प्रत्येक शर्ट, कुणाच्याही मापाचा असो, मावशीच्या अंगावरूनच निघालेला. बाजारात एखादी अनोळखी बाई त्यांचा शर्ट घालून दिसली, की मावशी नवऱ्याला कोपरानं ढोसायची आणि म्हणायची, "अहो, ती बघा, माझ्या अंगातली."

"कॉलर काय, कुणीही शिवेल," ती म्हणायची. "एल व्हायला नशीब लागतं."

आणि तिचा दुसरा अभिमान असा, की आपण लग्नानंतर इंचभरसुद्धा वाढलेलो नाही. इंचभर! याला पुरावा होता. कारखान्यातल्या बाया कारखान्यातलेच शर्ट घालायच्या, शिलाईत थोडं इकडंतिकडं झालेले. मावशी पहिल्या दिवशी एल घालून आली होती आणि आजही एलच घालत होती. शेजारणी बिचाऱ्या एकेक माप चढत गेल्या, कपाटं रिकामी करत गेल्या, आणि ही आपली तशीच. "खाल्लेलं अंगी लागत नाही माझ्या," असं ती पुन्हा पुन्हा सांगायची, आणि सांगता सांगता खायची.

मग एका सुट्टीच्या दिवशी तिची धाकटी बहीण घरी आली आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

धाकटी अर्धी झाली होती. गाल आत गेलेले, मान निघालेली, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद की बघणाऱ्याला राग यावा. मावशीनं चहा पुढे केला तर ती हात जोडून म्हणाली, "नको ताई. माझी खिडकी अजून उघडली नाही."

मावशीचा नवरा बसच्या गॅरेजात मेकॅनिक. त्यानं पेपरातून डोकं वर काढलं. "ती तर सताड उघडी आहे. वारा येतोय बघ."

"ती नाही हो भावजी! खाण्याची खिडकी. दिवसातले आठ तास खायचं, बाकीचे सोळा तास तोंडाला कुलूप. डॉक्टरांना विचारून करतेय मी. गुडघेदुखी थांबली, झोप लागायला लागली, आणि ही बघा." तिनं पँटचा पट्टा ओढून दाखवला. आत आणखी एक धाकटी मावली असती.

"इंजिन बंद ठेवलं म्हणून गाडीचं वजन कमी होत नाही," नवरा म्हणाला.

"गाडीनं साखर खाल्लेली नसते भावजी."

साखरेचं नाव निघालं आणि मावशीनं पुढे केलेला चहा मागे घेतला. या बहिणींची आई साखरेच्या दुखण्यानंच गेली होती. मग धाकटी जायला निघाली, मावशी तिला पोचवायला खाली उतरली आणि वर येताना दोनदा कठड्याला धरून थांबली. धाकटीनं ते खालून पाहिलं. ती परत वर आली, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ताईला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मोठ्या बहिणीला असं ओढत नेण्याची संधी आयुष्यात एकदाच येते, तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आल्यावर म्हणाल्या, "साखर काठावर आहे. अजून पलीकडे गेलेली नाही, पण पाय काठावरच आहे. थोडं वजन उतरवायला हवं."

"वजन?" मावशीला हसू फुटलं. "डॉक्टर, माझं वजन वाढलेलंच नाही. पहिल्यापासून एल आहे मी. अहो, मीच एल आहे!"

डॉक्टरीणबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी खणातून टेप काढली आणि मावशीच्या कमरेभोवती फिरवली. म्हणजे फिरवायला गेल्या. टेपची दोन टोकं एकमेकांना भेटण्याआधी त्यांना मावशीला जवळजवळ मिठीच मारावी लागली. मग त्यांनी आकडा वाचून दाखवला.

"तुमची टेप चुकीची आहे," मावशी ठामपणे म्हणाली.

धाकटी भिंतीकडे तोंड करून खांदे गदागदा हलवत होती.

"असेल," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याकडे बरोबर टेप असेल तर तिनं मोजा. उपास करून बघायला माझी हरकत नाही, तुम्हाला कसलं औषध चालू नाही. पण एकदम बहिणीसारखा नको. रात्रीचं जेवण लवकर उरकायचं आणि सकाळपर्यंत काही नाही, इथून सुरुवात. चक्कर आली, हात थरथरले, तर सरळ खायचं आणि मला फोन करायचा. सगळ्यांना मानवतो असं नाही. नको वाटलं तर चालणं आणि कमी खाणं हाही रस्ता आहे. पंधरा दिवसांत ठरवून मला सांगा."

मावशी तणतणत घरी आली. माणसाच्या रक्ताबद्दल कुणी काही म्हणो, पण मापाबद्दल? आणि तेही मापालाच?

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शिरल्या शिरल्या तिनं पिशवी फेकली आणि मास्तरांसमोर जाऊन हात पसरून उभी राहिली. "मोजा."

"काय मोजू?" मास्तर खडूला टोक करत होते.

"मला. कंबर, छाती, दंड, सगळं. आणि कागदावर लिहून द्या, त्या डॉक्टरच्या तोंडावर नेऊन टाकते."

मास्तर हसले. "अगं, तुला कशाला मोजायचं? मी कधी मोजलंय तुला? तराजूला कुणी तोलतं का?"

आणि हे बोलता बोलता त्यांच्या हातातला खडू थांबला. म्हातारा माणूस, पण धंद्यात केस पिकवलेला. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर खिळ्यांना सगळे पुठ्ठे टांगलेले असायचे, ज्यांच्या कडेनं रेघ मारून कापड कापतात ते. नवीन पुठ्ठा करायचा तर मास्तर आधीच्याच पुठ्ठ्यावरून कच्चा शर्ट कापायचे, मावशीला चढवायचे, कुठं ओढ बसली तर खडूची एक रेघ बाहेर सरकवायचे, आणि मग तोच नवा पुठ्ठा. दर खेपेला एकच रेघ. खडूच्या रेघेनं काय होतंय?

मास्तरांनी स्टूल घेतलं, चढले, आणि अगदी तळाचा, पिवळा पडलेला, मावशीचा पहिला पुठ्ठा उतरवला. धूळ झटकली. टेबलावर चालू पुठ्ठा मांडला आणि त्यावर तो जुना ठेवला.

जुना पुठ्ठा नव्याच्या मधोमध बसला. चहूबाजूंनी नवा बाहेर आलेला. ताटात बशी ठेवावी तसं दिसत होतं.

"अगं आई गं!" मावशी म्हणाली.

कळलं ना काय झालं होतं? मावशी वाढत गेली आणि एल तिच्या मागे मागे वाढत गेला. तिला तो नेहमी बसायचा, कारण तो तिलाच बसवलेला असायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इतकी वर्षं टेप गळ्यात घालून फिरणारा माणूस आणि इतकी वर्षं खोक्यावर चढणारी बाई, दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण सावलीला माप समजून बसलोय.

मास्तर आधी हसले. हसता हसता त्यांना खोकला आला, मग ते स्टूलवर बसले आणि डोळे पुसायला लागले. मावशीनं आधी कपाळावर हात मारला, आणि मग तीही सुटली. ती हसली की टेबल हलायचं. टेबल हललं तशा मशिनी एकेक करत थांबल्या आणि सगळा मजला गोळा झाला. आणि मग, अरे देवा, सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं!

कारण फक्त एल थोडाच वाढला होता? मीडियम एलवरून निघतो आणि स्मॉल मीडियमवरून. म्हणजे इस्त्रीवाली, जी "मी अजून मीडियममध्ये आहे" म्हणून सगळ्यांना हिणवायची, तिनं तोंडावर हात ठेवला. पॅकिंगमधल्या दोघी एकमेकींना टेप गुंडाळायला लागल्या. "आकडा सांगू नकोस!" "नाही सांगत, पण बस आधी." बटणवाली, अंगानं भरभक्कम, ती तेवढी आरामात उभी होती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या आरशाला कारखान्याचं लेबल नाही."

गोंधळ ऐकून मालकीणबाई आतून आल्या. हसणं पटकन ओसरलं. मास्तरांनी चोरी पकडल्यासारखं तोंड करून दोन्ही पुठ्ठे दाखवले. मालकीणबाई स्वतः मोठ्या दिमाखानं आपलाच मीडियम शर्ट घालून होत्या. त्यांनी पुठ्ठ्यांकडे पाहिलं, हळूच आपल्या पोटाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पण बाई धंदेवाईक! चेहरा उतरतो तेवढ्यात त्यांचं डोकं चाललं.

"म्हणून खपतात होय!" त्या टाळी वाजवून म्हणाल्या. "दुकानदार म्हणतात, एकदा तुमचा शर्ट घालून बघितला की बाई दुसरा घेतच नाही. आत्ता कळलं. आपल्या शर्टात सगळ्या बारीक होतात! मास्तर, हे माप असंच राहायला हवं. एक दोराही हलता कामा नये."

"पण मावशीला डॉक्टरनं उपास सांगितलाय," कुणीतरी चोंबडेपणा केला.

मालकीणबाई वळल्या. त्यांनी मावशीला आपादमस्तक पाहिलं, एखाद्या मौल्यवान यंत्राकडे पाहावं तसं. "उपास? छे छे! मावशी, असलं काही करू नका हं. आणि केलाच तर..." त्यांची नजर बटणवालीवर जाऊन थांबली. "तर मग खोक्यावर दुसरं कुणाला तरी उभं करावं लागेल. माझा इलाज नाही. माप हललं तर माणूस बदलायला लागतो."

त्या गेल्या, आणि मावशी आपल्या मशीनवर जाऊन बसली.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती धमाल होती, पण मावशीची नाही. मजल्यावर दोन तट पडले. इस्त्रीवालीनं खुन्नसनं उपास सुरू केला आणि दुपारपर्यंत ती इतकी चिडचिडी व्हायची की तिच्या इस्त्रीची वाफ कुणाच्या अंगावर जाईल सांगता येईना. पॅकिंगमधल्या दोघींनी एकत्र सुरू केला आणि दुसऱ्याच दिवशी एकत्र मोडला, खोक्यांच्या आड बसून, एका बिस्किटाच्या पुड्यावर. मालकीणबाईंच्या केबिनमधून मावशीसाठी रोज केक येऊ लागला. लोणी लावलेला पाव येऊ लागला. "खा हो मावशी, लाजू नका!" इकडं धाकटी रोज फोन करून विचारायची, "ताई, ठरलं का?" तिकडं बटणवाली येता जाता त्या खोक्याकडे बघायची. एकदा तर कुणी नाही असं पाहून ती वर चढली आणि हात पसरून उभी राहिली. मावशीनं ते पाहिलं. बटणवालीही बिचारी ओशाळून खाली उतरली, पण मावशीनं त्यानंतरची कॉलर उलटी शिवली.

एके संध्याकाळी केकचा उरलेला तुकडा तिनं घरी आणला आणि नवऱ्यापुढे ठेवला. स्वतः खाल्ला नाही. नवऱ्याला हे नवीन होतं.

"काय गं, खिडकी लागली का तुझीही?"

"अहो, चेष्टा नको." ती मटकन बसली. "कॉलर शिवणाऱ्या पन्नास आहेत. मी नाही गेले तर एकावन्नावी येईल. पण त्या खोक्यावर मी एकटी आहे हो. आयुष्यात कुठं तरी मी एकटी आहे. ते सोडू?"

नवऱ्यानं केक बाजूला सरकवला. "मग नको करूस उपास. कोण जबरदस्ती करतंय?"

"आणि आईचं काय?" मावशीचा आवाज चिरकला. "आईच्या डोळ्यांनी आधी दगा दिला. शेवटी शेवटी ती सुई पुढे करायची आणि म्हणायची, एवढा दोरा ओवून दे गं. मी चिडायचे तिच्यावर, मशीन अडलेलं असायचं माझं. माझ्या आत्ताच्याच वयाची होती तेव्हा ती. मला भीती वाटते हो. खरंच भीती वाटते."

इतकी वर्षं संसार करून नवऱ्याला तिच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच ऐकायला मिळाला. तो उठला आणि तिच्यासाठी चहा करून घेऊन आला. बिनसाखरेचा. इतका वाईट झाला होता की पहिल्याच घोटाला तिला हसू आलं, आणि मग दोघांनी तो तसाच संपवला.

डॉक्टरीणबाईंना सांगायचा दिवस उजाडला, तरी मावशीचं तळ्यात की मळ्यात संपलेलं नव्हतं. आणि नेमका त्याच दिवशी नवीन शर्ट निघाला. पट्ट्यापट्ट्यांचा, पुढे खिसा असलेला.

"माप, ये गं!" मास्तरांची हाक आली.

मजला कान टवकारून बसला. मावशी उठली, खोक्यावर चढली, आणि हात पसरायच्या आधीच खाली वाकून हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, आजच्या पुढे बटणवालीला बोलवा. मी उपास करणार आहे."

बोलून टाकलं आणि तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतका वेळ ठरत नव्हतं ते खोक्यावर पाय ठेवल्याबरोबर ठरलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात पसरलेले असल्यामुळे पुसता येईना.

मास्तरांच्या दातांत टाचण्या होत्या, त्यामुळे लगेच बोलता येईना. त्यांनी पाठ बघितली, खांदे बघितले, हाताखालून खडूची रेघ मारली. मग एकेक टाचणी काढून मनगटावरच्या छोट्या गादीत खोचली आणि तिच्यासारखंच हळू बोलले.

"बटणवालीला कशाला?"

"मालकीणबाई म्हणाल्या ना, माप हललं तर..."

"मालकीणबाईंना इतकी वर्षं कळलं का? मला तरी कळलं का?" मास्तरांनी चोरट्या नजरेनं केबिनच्या दाराकडे पाहिलं. "एक खडूची रेघ, बाई. दर खेपेला एकच रेघ आत. कुणाला पत्ता लागणार नाही."

मावशी बघतच राहिली. "अहो मास्तर! पण मग सगळ्या शहरातल्या बायका...? त्यांना वाटेल आपण जाड झालो! मी उपास केला म्हणून त्यांनीही करायचा?"

"करू देत की. वाईट काय आहे?" म्हातारा खुदकन हसला. हसू आवरल्यावर त्यांनी तिच्या बाहीची सुरकुती सरळ केली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "चढताना मी तुझ्या मागोमाग आलोच ना? मग उतरताना तुला एकटीला कसा सोडीन?"

मावशीला एकदम हुंदका आला आणि त्याच्याच पाठोपाठ हसू आलं. दोन्ही एकाच तोंडातून बाहेर पडायला बघत होती. खोकं डगमगायला लागलं. तिकडं इस्त्रीवालीनं मान उंचावली, बटणवालीनं सुई खाली ठेवली, आणि मास्तर ओरडले, "हलू नको, टाचण्या टोचतील!"

"मास्तर," मावशी नाक ओढत म्हणाली, "रेघा आत घ्या हव्या तेवढ्या. पण दंडाला हात लावू नका हं. दंड काही माझे उतरायचे नाहीत."

"ते मी आधीच धरून चाललोय," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी दंडाला दोन बोटं जास्त सोडली.